मॅन्डरिन मासा घ्यावा का? आणि तो मालवणला मिळतो हे खरं आहे का?

पेठेतला_टँकवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, घरात चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दिवाळीनंतर लावलाय म्हणजे अजून वर्ष झालेलं नाही. आत क्लाऊनची जोडी, एक पिवळी डॅमसेल आणि एक सिक्स लाइन रॅस, सगळे खाऊन पिऊन मजेत आहेत. आता झालंय असं की इथल्याच एका दुकानात परवा मुंबईहून माल आला त्यात एक मॅन्डरिन आलाय. बोटाएवढा मासा पण रंग असला की बघतच राहावं, निळ्या अंगावर भगव्या नागमोडी रेघा, तोंडाजवळ हिरवट पिवळं आणि वर टकामका बघणारे लालसर डोळे. पोरगी तिथंच ठाण मांडून बसली, हाच पाहिजे म्हणून. दुकानदार म्हणतो गोळ्या खातोय, काय टेन्शन घेऊ नका, उचला. भाव काय सांगितला ते बायकोला अजून बोललेलो नाही आणि इथं पण लिहीत नाही, ती कधीकधी माझा फोन बघते.

तर विचारायचं एवढंच की हा मासा आपल्याकडे जगतो का, खातो काय, माझ्या टँकमधल्या गँगबरोबर जमेल का त्याचं. आणि माझा चुलतभाऊ छातीठोकपणे सांगालाय की मालवणला स्नॉर्कलिंग करताना त्यानं हाच मासा बघितला, मग मुंबईहून कशाला, तिथूनच आणू की म्हणतो. कुणाला माहीत असेल तर सांगा, दुकानदारानं रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय.

तांबडा_पांढरा
काय राव, एवढा खर्च करून बोटाएवढा मासा? रस्सा वाटीभर पण व्हायचा नाही. मस्करी सोड, पण खरंच विचारतो, असले रंगीत मासे तिकडचे लोक खातात का नुसते बघत बसतात?

प्राणीशास्त्रवाली
मस्करीतला प्रश्न पण चांगला आहे, तिथूनच सुरुवात करते. खाण्यालायक नाही हो हा. या माशाला खवलेच नसतात. खवल्यांच्या जागी अंगभर जाड बुळबुळीत थर असतो आणि कातडीतल्या खास पेशींमधून कडू, घाण वासाचा द्राव त्यात मिसळत असतो. मोठ्या माशानं चुकून तोंडात घेतलाच तर लगेच बाहेर टाकावा अशी सोय. वर गालाच्या हाडावर काटा असतो तो वेगळाच. म्हणजे दादा, तुमच्या लेकीला ज्या रंगाची भुरळ पडली तो रंग बाकीच्या माशांसाठी लांब राहा असा इशारा असावा, असं मानलं जातं. त्या बुळबुळीचा अजून एक फायदा म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा जो परजीवी टँकमध्ये सगळ्यांना छळतो, तो याला त्या मानानं कमी धरतो. पण खवले नसल्यामुळे तांब्याची औषधं त्याला सोसत नाहीत, हे लक्षात ठेवा, दुकानात सर्रास तीच हातात देतात.

आता निळ्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. रंकाळ्यावर खंड्या बघता ना, त्याच्या पिसात निळा रंगकण नसतोच मुळी. पिसाच्या आतली बारीक रचनाच अशी असते की उजेड पडला की त्यातला निळा तेवढा परत फिरतो. मोराचं तेच, टँकवाले ज्याला ब्लू टँग म्हणतात त्या माशाचंही तेच. कणा असलेल्या प्राण्यांत निळा जवळजवळ सगळीकडे असाच रचनेतून येतो. मॅन्डरिन आणि त्याचा ठिपकेवाला भाऊबंद, हे दोघं अपवाद. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की यांच्या कातडीत खरोखरचा निळा रंगकण भरलेल्या पेशी असतात, त्यांना सायनोफोर म्हणतात. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी मानतच नाहीत. एकानं वहीत लिहिलं होतं, मोर खोटा, हा मासा खरा.

दुकानात त्याला मॅन्डरिन गोबी म्हणून विकतात, पण गोबीच्या कुळाशी त्याचा संबंध नाही, हा ड्रॅगनेट कुळातला. शास्त्रीय नाव सिंकायरोपस स्प्लेंडिडस, अल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये फिलिपिन्समधून त्याची नोंद केली. वाढून वाढून सहा-सात सेंटीमीटर.

राहतो कुठे म्हणाल तर लाटा फुटतात त्या उघड्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, नाही राहत. त्याला आडोशाचं, संथ पाणी लागतं, लगूनमधली किंवा किनाऱ्यालगतची रीफ, जिथं फांद्याफांद्यांचे प्रवाळ असतात आणि त्यांच्या बुडाशी तुटक्या तुकड्यांचा खच पडलेला असतो. फार खोल नाही, १८ मीटरपर्यंतच. दिवसभर तो त्या खचावरून फिरतो, पोहत कमी आणि पोटाखालच्या रुंद परांवर चालत जास्त. थांबतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, नेम धरतो, तोंड पुढं काढून टुचकन टिपतो, परत थोडं सरकतो. टिपतो काय, तर मुख्यतः कोपेपॉड, जेमतेम मिलिमीटरभराचे कवचवाले जीव, शिवाय बारके अळीसारखे किडे, इवल्या गोगलगायी, दुसऱ्या माशांची अंडी. एका घासात काहीच मिळत नाही म्हणून सारखं टिपत राहावं लागतं, आणि एकदम पोटभर खाऊन दोन दिवस बसून राहणारा हा मासाच नव्हे. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला 'खातो काय' एवढाच भाग खरा महत्त्वाचा आहे, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. टँक किती फुटी आहे यापेक्षा त्या टँकच्या दगडांवर दिवसाला किती कोपेपॉड पैदा होतात ते विचारा.

मालवणचं कुणीतरी मालवणवाल्यानं सांगावं, पण माझ्या माहितीत हा पश्चिम पॅसिफिकचा मासा, जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांपासून खाली ऑस्ट्रेलियापर्यंत.

कागलरोड_रीफ
मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त टँकच्या बाजूनं बोलतो. पेठकर, तुझ्याकडं सिक्स लाइन आहे म्हणालास ना, तिथंच निम्मा विषय संपला. सिक्स लाइन पण दिवसभर तेच कोपेपॉड वेचत फिरतोय आणि चपळ असला की बोलायची सोय नाही. मॅन्डरिन इकडं नेम धरेस्तोवर तो तिकडून येऊन साफ करून जातोय. दोघांत भांडण नाही झालं तरी एक जण उपाशी राहतोय, आणि कोण राहतोय ते सांगायला नको. क्लाऊनचा काय प्रॉब्लेम नाही, डॅमसेल जरा दादागिरी करेल पण त्याची बुळबुळ बघून सोडून देईल.

दुकानदार गोळ्या खातोय म्हणाला ना, ठीक आहे, मग तुझ्यासमोर टाकायला लाव. आणि नीट बघ, नुसतं तोंडात घेतलं म्हणजे खाल्लं नव्हे. बरेच मॅन्डरिन गोळी उचलतात आणि फुर्रकन बाहेर टाकतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं काय मस्त खातोय. काही काही मासे फ्रोझन मायसिस नाहीतर ब्राइन श्रिम्प, म्हणजे गोठवलेले कोळंबीसारखे बारके जीव, खायला शिकतात हे खरं आहे, पण ते शिकवायला संयम लागतो, वेगळ्या छोट्या डब्यात ठेवून दिवसातनं चार-पाच वेळा द्यावं लागतं, आणि एवढं करून पण हलणारं जिवंत खाणं दगडावर पाहिजेच.

त्याच वेळी त्याचं अंग बघ. बाजूनं पोट गोलसर भरलेलं पाहिजे. वरून बघितलास तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखा निमुळता दिसायला पाहिजे. डोकं मोठं आणि मागं अंग एकदम बारीक झालंय, बाजूच्या रेषेवर लांबट खड्डा पडलाय, कणा वर आल्यासारखा दिसतोय, असलं काही असेल तर तो आधीच बरेच दिवस उपाशी आहे. समुद्रातनं पकडला, मग तिथला गोडाऊन, मग विमान, मग मुंबई, मग आपल्याकडं, आणि या सगळ्या प्रवासात त्याला कोपेपॉड कोण देणार. एवढा खंगलेला मासा घरी आणून भरतोय असं सहसा होत नाही.

टँकचं वय पण बघ. वर्षभर तरी चाललेला, दगडावर जांभळी शेवाळी कवचं आलेली, रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात असा टँक पाहिजे. रात्री लाईट बंद करून तासाभरानं टॉर्च मारून बघ, ते ठिपके म्हणजेच कोपेपॉड. दिसलेच नाहीत तर मॅन्डरिनचा विषय बंद कर. बाहेरच्या देशात लोक समुद्रातला जिवंत रॉक, म्हणजे बारके जीव वसलेले प्रवाळाचे दगड, भरपूर टाकतात, त्यातनं हे सगळं आपोआप येतं. आपल्याकडं ते करता येत नाही, प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळं कोण किनाऱ्यावरनं दगड गुपचूप आणून देतो म्हणाला तर हात लावू नको, वाघाच्या कातड्याचा आणि त्याचा कायदा एकच आहे. आपण सुक्या रॉकवर टँक लावतो म्हणून आपल्याला कोपेपॉड बाहेरून आणून सोडावे लागतात आणि त्यांना वाढायला वेळ द्यावा लागतो.

आणि एप्रिल-मे. याला पाणी २४ ते २६ च्या आसपास लागतंय, आपल्याकडं उन्हाळ्यात बंद खोलीत टँक सहज ३० च्या वर जातोय. चिलर आहे का तुझ्याकडं? नसेल तर पंखे तरी, आणि उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्यानं भरायचं, मीठ नाही घालायचं त्यात. आरओ कशाला म्हणू नकोस, नळाचं पाणी डायरेक्ट ओतून हिरवं शेवाळ आणलेली दहा घरं दाखवतो तुला.

शाहूपुरीचा_राजा
एवढं काय बाऊ करालायसा, माझ्या मावसभावाकडं पुण्यात हा मासा सहा महिने होता, कोपेपॉड बिपेपॉड काही नाही, नुसती गोळी. घेऊन टाका, पोरगी खूश होईल.

कागलरोड_रीफ
शाहूपुरीकर, सहा महिने होता म्हणजे नंतर गेलाच की. नीट खायला मिळालं तर हा मासा दहा वर्षांच्या वर जगल्याचं लोक सांगतात. सहा महिने म्हणजे टँकमध्ये जे काय थोडेफार कोपेपॉड होते ते संपायला लागलेला वेळ, गोळ्यांवर जगला असं त्यात काय नाही. मॅन्डरिन एकदम मरत नाही, हळूहळू झिजतोय, आणि रंग शेवटपर्यंत झक्कास राहतोय म्हणून घरातल्यांना पत्ताच लागत नाही.

चिवला_बीच
ह्यो मासो मालवणात गावणा नाय हो, कोणी सांगल्यान तुमका? सगळ्यांना कळावं म्हणून आता सरळ मराठीत लिहितो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला जिथं स्नॉर्कलिंग करतात तिथं प्रवाळ आहे, खडक आहेत, मासे पण रंगीत आहेत, पण मॅन्डरिन नाही. तुमच्या चुलतभावानं बहुतेक हिरवा-निळा रॅस नाहीतर पोपट मासा बघितला असेल, पाण्यात मास्क लावून पहिल्यांदा उतरला की सगळंच निळंभगवं दिसतं. सगळ्यात जास्त दिसतात ते काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर, पाव टाकला की अंगावर येतात, पाव टाकू नये पण टाकतात. फुलपाखरू मासे पण दिसतात. आणि मॅन्डरिन समजा असता तरी स्नॉर्कलिंगला दिसलाच नसता, वर मॅडमनी सांगितलंय तसा तो बुडाशी भेगांतून फिरणारा, आमचं पाणी गढूळ, वरून तरंगत बघणाऱ्याला बोटाएवढा मासा कुठून दिसणार.

आणि तिथूनच आणू म्हणणाऱ्या भावाला सांगा, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, २९ चौरस किलोमीटरच्या वर. तिथून टँकसाठी मासे उचलायला या असं मी तरी कुणाला सांगणार नाही. नुसते बघायला या, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, पावसाळ्यात बोटी बंद.

पेठेतला_टँकवाला
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चुलतभावाला वरचं वाचून दाखवलं, तो म्हणतो मालवणवाल्याला काय कळतंय, म्हणजे त्याचं असं आहे, सोडा.

आज संध्याकाळी दुकानात जाऊन आलो. कागलरोड भाऊनं सांगितलं तसं गोळी टाकायला लावली. घेतली तोंडात. दुकानदार लगेच बघा बघा म्हणाला. मी वाकून काचेला नाक लावून बसलो तर साहेबांनी एक सेकंदात गालातनं बाहेर सोडली, खाली वाळूवर पडली, आणि परत दगडाकडं तोंड करून बसला. दुसरी टाकली, तेच. मग वरून बघायला स्टूल मागितलं तर दुकानदाराचं तोंड जरा वाकडं झालं. डोकं चांगलंच मोठं दिसतंय आणि मागं खड्डा आहे, डाव्या बाजूला तर स्पष्ट. हलतोय मात्र झकास, त्या खालच्या परांवर तुरुतुरु चालत होता, पाठीवरचा पुढचा तुरा उभा करून दाखवला एकदा, त्यात लांब काटा आहे.

घरी येऊन रात्री टॉर्च पण मारला. ठिपके आहेत पण मोजावेत एवढेच, कोपऱ्यात. बाकी सिक्स लाइनच्या पोटात असावेत. पोरीला अजून काय सांगितलेलं नाही. तिचा नवीन प्रश्न असा आहे की त्याला एकटं ठेवलं म्हणून तो खात नसेल का, दोन आणूया.

प्राणीशास्त्रवाली
लेकीचा प्रश्न अगदीच वावगा नाही, फक्त दोन कोणते ते बघावं लागेल. पाठीवरच्या पुढच्या परात लांब काटा आहे म्हणजे तुम्ही बघितलात तो नर. दोन नर एका टँकमध्ये ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात. नर-मादी राहतात जोडीनं, पण मग खाणाऱ्या तोंडांची संख्या दुप्पट. एकटेपणामुळे खात नाही असं मात्र नाही, त्याला गोळी हे अन्न वाटतच नाहीये. हलत नाही, उडी मारत नाही, दगडावर सरपटत नाही, म्हणजे त्याच्या लेखी ते खाणं नव्हेच.

बिंदूचौक_ते_मनिला
मी मूळचा बिंदू चौकातला, नोकरीमुळं सध्या मनिलात आहे, इथं डायव्हिंगचा नाद लागला. मॅन्डरिन म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण इथं लोक खास या माशासाठी संध्याकाळी पाण्यात उतरतात. मनिलापासून गाडीनं दोन-तीन तासांवर अनिलाओ म्हणून जागा आहे. जागा बघून पहिल्यांदा वाटतं की फसवलं राव, कारण फोटोत असते तसली रंगीबेरंगी रीफ नाहीच. उथळ पाणी, तुटक्या प्रवाळाचा राखाडी ढिगारा, मध्ये मध्ये लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन, आणि त्या ढिगाऱ्यासमोर आपण गुडघ्याची काळजी घेत तरंगत बसायचं. टॉर्चला लाल काच लावतात, पांढरा उजेड पडला की सगळे आत पळतात.

सूर्य बुडायच्या सुमाराला हालचाल सुरू होते. आधी बारक्या माद्या भेगांतनं डोकावतात, दोन-तीन-चार. मग एक मोठा नर येतो, तुरा उभारून हिच्याकडं जा, तिच्याकडं जा, गोल फिर, असं बराच वेळ चालतंय. दुसरा नर आलाच तर झटापट होते. मादीला पसंत पडला की ती त्याच्या शेजारी येते, त्याच्या पोटाखालच्या पराला टेकते, आणि दोघं गालाला गाल लावून ढिगाऱ्यावरनं सरळ वर उठतात, अगदी हळू, साधारण मीटरभर. वर पोचले की क्षणभर थांबतात, अंडी आणि वीर्य पाण्यात सोडतात आणि फटकन खाली गायब. आपण फोटो काढायला बटण दाबलं तर त्यात बहुतेक वेळा नुसतं पाणी येतंय. नर मग दुसऱ्या मादीकडं. मादी एका संध्याकाळी एकदाच. अंडी जास्तीत जास्त २०० च्या आसपास, मिलिमीटरपेक्षा लहान, पाण्याबरोबर वाहत जातात, त्यांच्याकडं आईबाप ढुंकून बघत नाहीत. पेठकर, तुझे क्लाऊन दगडावर अंडी चिकटवून नर राखण करत बसतो ना, त्याच्या बरोब्बर उलट. अंडं दिवसाच्या आत फुटतंय, पिल्लू दोनेक आठवडे तरंगत राहतं आणि मग कुठल्यातरी ढिगाऱ्यात उतरतं.

आता जे सांगतो ते दुकानदार सांगणार नाही. माद्या मोठा नर बघून जातात. आणि टँकच्या धंद्याला पण मोठा, तुऱ्याचा, रंगदार नरच पाहिजे असतो. पकडणारे लोक त्यामुळं त्यालाच आधी उचलतात. ढिगाऱ्यात जाळं चालत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी बारीक सुईच्या भाल्यानं परात टोचून काढतात, जखम भरून येते म्हणे. मोठे नर कमी झाले की माद्या उरलेल्या बारक्यांवर तेवढ्या राजी नसतात, म्हणजे नुसते मासे कमी होत नाहीत, संध्याकाळचा तो सगळा कारभारच मंदावतोय. पकडणारा गरीबच आहे, त्याला त्यातले किती मिळतात ते मी बघितलंय, त्याला शिव्या द्यायला मी तयार नाही. पण कोल्हापुरात काचेमागं गोळी थुंकत बसलेला तो नर कुठल्यातरी ढिगाऱ्यावरचा दादा होता एवढं नक्की.

शाहूपुरीचा_राजा
मग काय कोणीच पाळायचा नाही का? दुकानात आलाय तो आलाय, आता तो परत फिलिपिन्सला जाणार आहे का? उलट चांगल्या माणसाच्या घरी गेला तर चार दिवस जास्त जगेल.

कागलरोड_रीफ
हे पण पटतंय मला, खोटं कशाला बोलू. पण पेठकरनं तो उचलला की दुकानदार पुढच्या खेपेला दोन मागवणार, त्याचं गणित साधं आहे. आणि पेठकरच्या घरी चार दिवस जास्त जगेल असं वरच्या वर्णनावरून वाटत नाही, ठिपके कोपऱ्यात आणि सिक्स लाइन मोकाट. पाळायचाच नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत हॅचरीत पैदा केलेले मॅन्डरिन विकायला येतात, ते लहानपणापासून फ्रोझन आणि गोळी खायला सरावलेले असतात. क्लाऊनची पैदास तर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं पण करून दाखवलीय. मॅन्डरिनचं त्यापेक्षा अवघड, पिल्लं एवढी बारकी की त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं रोज तयार ठेवावं लागतंय. आपल्याकडं तसला मासा कोण आणतोय का बघ, भाव जास्त पडेल, पण पडू दे की.

चिवला_बीच
नाहीतर मालवणाक येवा, सार्जंट मेजर फुकट दाखवतो.

पेठेतला_टँकवाला
ठरलं मग. दुकानदाराला फोन करून नको म्हणून सांगितलं, तो म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आहेच, असेल. पोरीला मनिलावाल्या भाऊंचं वाचून दाखवलं, संध्याकाळी वर उठतात तो भाग तिनं दोनदा वाचायला लावला आणि आता तिला टँकमध्ये मासाच नको, फिलिपिन्सला जायचंय. बायको म्हणाली त्यापेक्षा मासाच स्वस्त पडला असता, म्हणजे तिनं फोन बघितलाच.

सिक्स लाइन एका मित्राच्या टँकमध्ये द्यायचं बोलणं चाललंय. कागलरोड भाऊ, मला आधी कोपेपॉड वाढवायचे आहेत, मॅन्डरिन पुढं येवो न येवो. घरात करता येतं का, खर्च किती, वास येतो का? घरी आई आहे, वास आला तर बाटली थेट पंचगंगेत जाईल.

कागलरोड_रीफ
येतं की. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या घे, दोन-तीन, सगळं एका बाटलीत ठेवायचं नाही, एक बिघडली तर दुसरी राहते. टँकमधलंच खारं पाणी पाऊण बाटली भर. एअर पंपाची नळी आत सोड, पण एअर स्टोन लावू नको, बारीक बुडबुड्यांत हे जीव अडकून वर येतात, नुसता सेकंदाला एक-दोन मोठा बुडबुडा सुटला तरी बास. खायला हिरवं फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, पाणी फिक्कट हिरवं दिसेल एवढंच घालायचं, पाणी परत स्वच्छ झालं की मग पुढचं. सगळे जण इथंच जास्त घालतात आणि वास येतो तो त्याचा, कोपेपॉडचा नाही. फायटो नसेल तर स्पिरुलिना पावडर सुईच्या टोकावर राहील एवढी, पाण्यात कालवून. ऊन थेट नको, आणि मे महिन्यात गच्चीवर तर अजिबात नको, घरातला गार कोपरा बघ, देव्हाऱ्याखालचा वगैरे, आईला विचारून. दोन-तीन आठवड्यांत काचेवर वळवळ दिसायला लागते. मग बारीक चाळणीतनं थोडे गाळून रात्री लाईट बंद झाल्यावर टँकमध्ये सोड, दिवसा सोडलेस तर डॅमसेलचा नाष्टा होतोय. निम्मी बाटली कायम मागं ठेव. खर्च पंपाचा तेवढाच, बाकी सुरुवातीचं बी मी देतो, माझ्याकडं ओसंडून वाहालेत.

रविवारी सकाळी ये, पत्ता मेसेज करतो. बाटली धुऊन आण पण साबण लावून नाही, नुसत्या गरम पाण्यानं. आणि झाकणाला नळीएवढं भोक पाडून आणशील तर बरं, माझी ड्रिल शेजाऱ्यांनी नेलीय.